अनंत मेगाओमची धायरी

पुण्यातल्या धायरीत विजेची जोडणी घ्यायला जे जे लागतं, त्यात सगळ्यात स्वस्त काय असेल तर ती सुरक्षितता. तांब्याची वायर महाग, बऱ्या कंपनीचे स्विच महाग, पीओपीच्या छतात लपवायचे दिवे तर विचारूच नका. पण तुमच्या घरातलं वायरिंग तपासलं आहे, गळती नाही, अर्थिंग ठीक आहे, जोडणी द्यायला हरकत नाही, असं लिहून देणारा कागद दोघांच्या मिसळीच्या बिलात मिळतो. घरपोच मिळतो. आणि घर न बघता मिळतो. त्याला टेस्ट रिपोर्ट म्हणतात. त्यातली टेस्ट कुणी केलेली नसते, रिपोर्ट तेवढा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. नोकरीची सगळी वर्षं मी कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. तिथे साधा पंपाचा स्टार्टर उघडायचा तरी आधी परमिट, मग स्विचला कुलूप, आणि कुलपाची किल्ली ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात. निवृत्तीनंतर धायरीत राहायला आलो आणि ‘तुम्ही लाईटमधले ना’ म्हणून सोसायटीच्या कमिटीवर बसवलं गेलो. बिल्डरकडून आलेल्या फायलींच्या गठ्ठ्यात आमच्या इमारतीचे टेस्ट रिपोर्ट निघाले. ते वाचले आणि मला हेवा वाटला. कारखान्यात इतकी वर्षं मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, फिरवून मला जो आकडा कधी मिळाला नव्हता, तो आमच्या इमारतीत प्रत्येक फ्लॅटला मिळालेला होता. इन्सुलेशन रेझिस्टन्स : इन्फिनिटी. अनंत! पहिल्या मजल्यावर अनंत, चौथ्यावर अनंत. तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या दुकानाचंही अनंत. त्या दुकानात तेव्हा नुसते पाइप टाकलेले होते, वायर ओढलेलीच नव्हती, हे पुढे दुकान घेणाऱ्यानं सांगितलं. नसलेल्या वायरचं इन्सुलेशन अनंत येणार हे खरंच आहे, त्यामुळे गठ्ठ्यातला तेवढा एक रिपोर्ट प्रामाणिक मानायला हरकत नाही. अर्थिंग सगळीकडे बरोबर एक ओम. मेगर कुठल्या बनावटीचा, त्याचा नंबर काय, कॅलिब्रेशन कधी झालं, हे रकाने कोरे. खाली सही, गोल शिक्का, लायसन्स नंबर.

शिक्क्यावरच्या नंबरला फोन लावला. माणूस अदबीनं बोलला.

“काका, फ्लॅटमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?”

“प्रॉब्लेम नाही हो. तुम्ही मेगर कधी लावलात, ते विचारतोय.”

“काका, मीटर लागले ना सगळ्यांचे?”

“लागले.”

“मग?”

त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या लेखी टेस्ट रिपोर्टचं काम म्हणजे मीटर लागणं, आणि ते चोख झालेलं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो. कारण इथे बहुतेकांची समजूत अशी आहे की मीटर बसवायला येणारा माणूस घर तपासून जातो. तो मीटरपर्यंत येतो. आतला सगळा कारभार तुमचा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत ४७ वा नियम होता : नवीन जोडणी देण्याआधी पुरवठादारानं अर्जदाराचं वायरिंग स्वतः तपासावं, चाचणी घ्यावी आणि निकालाची नोंद ठेवावी. त्याच्यापुढचा नियम चाचणी कशी घ्यायची ते सांगत होता. ५०० व्होल्टचा डीसी दाब, एक मिनिट, आणि रेझिस्टन्स किमान एक मेगाओम. कायद्याला एक मेगाओम पुरतो. आमच्या ठेकेदारानं अनंत दिला, माणूस दिलदार. मग २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम आले आणि त्यांनी पुरवठादाराला दुसरी वाट काढून दिली : स्वतः चाचणी घ्या, नाहीतर परवानाधारक ठेकेदारानं सही करून दिलेले चाचणीचे निकाल मान्य करा. दोन वाटा दिल्यावर माणूस कुठली धरतो हे सांगायला प्राधिकरण कशाला हवं? ज्या वाटेवर जिना चढावा लागत नाही ती. ज्यानं वायरिंग केलं त्यानंच ते उत्तम झाल्याचं लिहून द्यायचं, आणि बाकी सगळ्यांनी त्याच्या सहीवर विसंबून हात झटकायचे, अशी ही पद्धत आहे. दिल्लीतल्या ज्या टेबलावर हे सुचलं, तिथे बसणाऱ्याच्या घरातलं वायरिंग तरी कुणी तपासलं होतं का, अशी मला एक कुजकट उत्सुकता आहे.

या खोट्या कागदानं नेमकं काय बिघडतं? पुष्कळ बिघडतं, पण ते दिसत नाही, म्हणून गणितच मांडतो. तुमच्या गीझरच्या आतली कॉईल फुटली आणि टाकीच्या पत्र्याला करंट आला, असं धरा. बोर्डात ३२ अँपिअरची एमसीबी आहे. लोकांना वाटतं ती वाचवेल. एमसीबी वायरला वाचवते, माणसाशी तिला कर्तव्य नाही. ती झटक्यात पडायची तर साधारण पाच ते दहा पट, म्हणजे १६० अँपिअरच्या पुढे करंट जायला हवा. आता तुमच्या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा खरोखर मोजला आणि तो एक ओमऐवजी वीस ओम निघाला, तर २३० व्होल्टला त्यातून वाहील जेमतेम साडेअकरा अँपिअर. एमसीबी ढिम्म हलणार नाही. गीझर चालू, पाणी गरम, पत्रा जिवंत, आणि तुम्ही ओल्या हातानं नळाला हात घालताय.

यावर उपाय आहे आणि तो कायद्यातही आहे. घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअरवर पडणारं गळतीरोधक उपकरण लावा, असं प्राधिकरणाचे विनियम स्पष्ट सांगतात. दोन किलोवॉटच्या आतल्या छोट्या जोडण्यांना त्यातून सूट आहे, पण गीझर, एसी आणि मायक्रोवेव्ह असलेला आजचा कुठला फ्लॅट दोन किलोवॉटच्या आत राहतो? ३० मिलिअँपिअर म्हणजे किती? नऊ वॉटचा एलईडी बल्ब याहून जास्त करंट खातो. एमसीबीच्या तुलनेत हजार पट हळवं असं हे उपकरण. बाजारात त्याला आरसीसीबी म्हणतात, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. आमच्या इमारतीत बिल्डरनं ते दिलेलंही आहे. मी काही शेजाऱ्यांचे बोर्ड उघडून पाहिले. दोन घरांत आरसीसीबी जागच्या जागी, खटका वर, दिसायला रुबाबदार, आणि मागून एक पिवळी वायर टाकून तिला वळसा घातलेला. “सारखी ट्रिप व्हायची हो, वायरमननं डायरेक्ट करून दिलं.” सारखी पडत होती म्हणजे घरात कुठेतरी गळती आहे, असं ती बिचारी ओरडून सांगत होती. तिचं तोंड बंद करायला वायरमननं पैसे घेतले आणि घरमालकानं त्याला वर चहा पाजला. दुसऱ्या घरातल्या काकू तर मला म्हणाल्या, “भाऊजी, आता कसं निवांत झालंय.”

अर्थिंगचंही सांगतो. धायरी डोंगराच्या पायथ्याची. हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अशा जमिनीत चांगलं अर्थिंग मिळवायचं तर खोल जावं लागतं, एका खड्ड्यावर भागत नाही, दोन-तीन खड्डे जोडावे लागतात. ठेकेदार काय करतो? खडक लागेपर्यंत खणतो, उरलेला पाइप करवतीनं कापतो आणि वर सिमेंटची टोपी घालून त्यावर पाटी लावतो. टोपी दिसते, पाइपची लांबी दिसत नाही. शिवाय खड्ड्याची जमीन ओलसर राहावी म्हणून उन्हाळ्यात त्यात पाणी घालायचं असतं, तेवढ्यासाठीच तर वर नरसाळं ठेवलेलं असतं. आता ऑक्टोबर २०१७ मध्ये महापालिकेत गेलेल्या अकरा गावांच्या यादीत उरलीसुरली धायरी होती, आणि पालिकेत जाऊनही इथे मे महिन्यात टँकरच्या तारखांवरून भांडणं होतात. पैसे मोजून आणलेलं टँकरचं पाणी खड्ड्यात ओता, असा ठराव मी मांडला तर मला कमिटीवरून काढतील. मांडणार आहे.

जिन्याशेजारचा इलेक्ट्रिकचा डक्ट बघायचा असेल तर कधीही या. पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतींसाठी विनियम सांगतात की विजेच्या केबलच्या डक्टमधून दुसऱ्या कसल्याही वाहिन्या न्यायच्या नाहीत आणि प्रत्येक मजल्याच्या स्लॅबला डक्ट आगरोधक भिंतीनं बंद करायचा. म्हणजे खाली मीटरपाशी ठिणगी उडाली तरी धूर वर चढू नये. आमच्या डक्टमध्ये काय आहे? तीन कंपन्यांच्या इंटरनेटच्या वायरींचा गुंता, डिश टीव्हीची मेलेली केबल, पाण्याची एक निळी लाइन, सफाईवाल्या मावशींची ओली फरशी पुसायची काठी, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी क्रिकेटची बॅट. स्लॅबची भोकं तळापासून गच्चीपर्यंत सताड उघडी. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत आग लागली ती पार्किंगमध्ये. धूर वर चढला आणि पहाटे झोपेत असलेली माणसं गेली. ते टीव्हीवर बघताना आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरच्या पॅनेलसमोर स्कूटर नेहमीसारख्याच लावलेल्या होत्या, आणि त्यातली एक इलेक्ट्रिक स्कूटर जिन्याच्या दिव्याच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन ओढून चार्ज होत होती.

आणि आमची इमारत निदान पंधरा मीटरच्या वर आहे. म्हणजे जोडणीआधी विद्युत निरीक्षकाची लेखी मंजुरी लागणाऱ्यांत ती मोडते, कुणीतरी एकदा येऊन बघावं अशी तिची कायद्यानं ठरवलेली लायकी आहे. गल्लीत आत शिरा. गुंठ्या-दीड गुंठ्यावर पार्किंग आणि वर चार मजले, चौदा-साडेचौदा मीटरवर थांबलेल्या इमारती एकमेकींच्या कुशीत उभ्या आहेत. नियमाच्या चौकटीखालून बेतानं डोकं वाकवून गेलेल्या. त्यांना निरीक्षक नाही, त्यांना फक्त टेस्ट रिपोर्ट. त्यातल्या कित्येकींना महापालिकेचं भोगवटापत्रही नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या ४३ व्या कलमानं मालकानं किंवा राहणाऱ्यानं मागितलं की पुरवठा द्यावाच लागतो, आणि मला ते मान्य आहे. बांधकाम बेकायदा म्हणून पोराबाळांना अंधारात बसवणं हा काही न्याय नाही. पण होतं असं की न बघता दिलेल्या टेस्ट रिपोर्टावर मीटर लागतो, मीटरवर लाईटबिल येतं, आणि लाईटबिल ही त्या इमारतीची जन्मपत्रिका होऊन बसते. बँक ते मागते, गॅस एजन्सी मागते, शाळा मागते. ज्या कागदावर सगळ्यांचा विश्वास, त्याच्या मुळाशी कुणीच न लावलेला मेगर.

बघायचं कुणी, यावर तर बोलायलाच नको. महापालिका म्हणते विजेचं आमच्याकडे नाही. भोगवटापत्राच्या वेळी लिफ्टचा परवाना दाखवा, अग्निशमनचा दाखला दाखवा, पण खोलीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला तिसरी वायर जोडली आहे की नुसतंच भोक आहे, हे विचारणारं टेबल तिच्याकडे नाही. वीजकंपनी म्हणते आमची हद्द मीटरपर्यंत. राज्याचं विद्युत निरीक्षकांचं खातं उंच इमारती, उच्चदाबाची रोहित्रं, जनरेटर आणि वर लिफ्टसुद्धा सांभाळतं. त्याच्याकडून धायरीतल्या टू बीएचकेची अपेक्षा करणं म्हणजे त्या लोकांचा छळ आहे. ठेकेदारांना परवाने देणारं मंडळ आहे, परवाना रद्द करण्याचा अधिकारही त्याला आहे. आणि फ्लॅटच्या बाहेरचं, म्हणजे इमारतीचं रोहित्र, केबल, पॅनेल हे तर बहुतेक वेळा बिल्डरच स्वतःच्या ठेकेदाराकडून उभं करतो आणि वीजकंपनीला १.३ टक्के सुपरव्हिजन चार्ज भरतो. देखरेखीचे पैसे पावतीवर येतात. देखरेख किती झाली, हे केबल मातीखाली गेल्यावर कुणाच्या बापाला कळणार आहे? केबलवर वाळू आणि विटा घातल्या होत्या की नाही, हे पुढच्या वेळी कुठला तरी जेसीबी खणेल तेव्हा समजतं.

वेग मात्र मोजतात हं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं वीजग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले. महानगरांत नवी जोडणी तीन दिवसांत, इतर नगरपालिका हद्दीत सात दिवसांत, खेड्यात पंधरा दिवसांत. छपरावरचं दहा किलोवॉटपर्यंतचं सोलर असेल तर तांत्रिक पडताळणीशिवायच अर्ज मंजूर धरायचा. ग्राहकाला ताटकळत ठेवू नये हे कुणालाही पटेल. पण तीन दिवस उलटले तर जाब विचारायला नियम आहे, आणि तीन दिवसांत मेगर लागलाच नाही तर विचारणारा कुणी नाही. तुम्ही त्या कंपनीच्या साहेबाच्या जागी बसा आणि मला सांगा, तुम्ही कशाची काळजी कराल?

निरीक्षक येत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. येतो. माणूस मेल्यावर येतो. कायद्याच्या १६१ व्या कलमाखाली अपघाताची खबर द्यावी लागते, ती २४ तासांच्या आत, मग चौकशी, मग अहवाल. सप्टेंबर २०२० मध्ये भोसरीच्या इंद्रायणीनगरात इमारतीलगतच्या रोहित्राचा स्फोट झाला आणि आजी, आई आणि तान्हं बाळ अशा एकाच घरातल्या तिघी गेल्या. २५ जुलै २०२४ ला मुठेला पूर आला तेव्हा डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत अंड्यांची गाडी हलवताना तीन तरुण शॉक लागून गेले. त्याच पुरात आमच्या सिंहगड रोडवरची एकतानगरी पाण्याखाली होती. तिथल्या तळमजल्यावरचे मीटर बघा आणि पाणी कुठवर चढलं होतं ते लोकांना विचारा. पुणे सोडून लांब जा : ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. महाराष्ट्र हादरला, ऑडिटचे आदेश सुटले, फायली फिरल्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि अकरा रुग्ण गेले. आदेश आणि आग यांच्यामध्ये दहा महिने होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत शॉक लागून मरणाऱ्यांचा आकडा देशात वर्षाला बारा हजारांच्या पुढे असतो. या प्रत्येक अपघाताला टेस्ट रिपोर्ट जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. ज्या देशात मोजण्याऐवजी लिहून देण्याची सवय लागते, तिथे रुग्णालय काय आणि धायरीतला फ्लॅट काय, सही एकाच पेनानं होते.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. त्यानं घरातलं पॅनेल बदलून घेतलं, शंभर अँपिअरचं दोनशेचं केलं. काम करणारा परवानाधारक, साहित्य उत्तम. तरी टाउनशिपचा निरीक्षक आला, टॉर्च मारून बघितलं, पाण्याच्या पाइपाला अर्थिंगची वायर जोडलेली नाही म्हणून लाल स्टिकर चिकटवून निघून गेला. दुरुस्ती झाली, पुन्हा आला, हिरवा चिकटवला आणि वीजकंपनीला त्याचं कार्ड गेलं. ते कार्ड हातात पडेपर्यंत कंपनी पुरवठा जोडत नाही. निरीक्षक ठेकेदाराचा नाही, कंपनीचाही नाही, गावाचा. त्याला कुणाच्या ‘मग?’शी देणंघेणं नाही. तिकडे सगळे सोवळ्यात असतात असं समजू नका. परमिट न काढता तळघर बांधणारे आपलेच देशी बांधव भाच्यानं मला नावानिशी सांगितलेत. पण चोरी करायला तिथे काहीतरी बंद दार असावं लागतं. आपल्याकडे दारच नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण वीजकंपनीला शिव्या घालून झाल्यावर पुणेकराला फार बरं वाटतं. आमच्याच भागात एक ठेकेदार आहे जो खरंच मेगर घेऊन येतो. प्रत्येक सर्किट वेगळं करतो, आकडा वहीत लिहितो, ओल्या गिलाव्यात कमी आला तर आठवड्यानं परत येतो. त्याला काम कोण देतं? कोणीही नाही. तो जास्त पैसे मागतो आणि उशीर करतो. बाकीचे व्हॉट्सअॅपवर पीडीएफ पाठवतात. आम्ही लोक टाइल निवडायला चार दुकानं हिंडतो, बाथरूमच्या नळाची फिनिश ब्रश्ड की मॅट यावर नवरा-बायकोचं दोन दिवस बोलणं बंद असतं, आणि भिंतीच्या आत जाणारी वायर कुठली घ्यायची हे मिस्त्रीवर सोडतो. तो त्याच्या ओळखीच्या दुकानातून आणतो. नव्वद मीटरचं बंडल मोजलं तर नव्वद भरत नाही, तांब्याचे तंतू मोजले तर तेही भरत नाहीत. मग अडीच चौरस मिलिमीटरच्या जागी दीडची वायर, त्यावर गीझर, त्याच सॉकेटवर हेअर ड्रायर. २०२४ साली स्मार्ट मीटरविरुद्ध राज्यभर आरडाओरडा झाला, निवेदनं गेली, मोर्चे निघाले, शेवटी सरकारनं सर्वसामान्यांना प्रीपेड मीटर लावणार नाही म्हणून जाहीर केलं. लोकांना बिल वाढायची भीती होती. आरसीसीबी बसवा, टेस्ट रिपोर्ट खरा द्या, म्हणून निघालेला एक मोर्चा मला दाखवा, मी शेवटच्या रांगेत घोषणा देत चालेन.

यावर एक ठरलेलं उत्तर येतं : म्हणजे तुम्हाला इन्स्पेक्टर राज परत हवंय? प्रत्येक घरात माणूस पाठवला की तो हात पसरणार, आणि आज दोघांच्या मिसळीत होणारं काम उद्या सहकुटुंब थाळीवर जाणार. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, मी महाराष्ट्रातच राहतो. पण प्रत्येक घर तपासा असं म्हणतंय कोण? शंभरातले पाच रिपोर्ट चिठ्ठी टाकून काढा. त्या पाच घरांत मेगर घेऊन जा, ठेकेदाराला समोर उभा करा. अनंत लिहिलं असेल तिथे अनंत दाखव म्हणावं. जमलं नाही तर परवाना सहा महिने स्थगित, आणि नाव परवाना मंडळाच्या दारावर मोठ्या अक्षरात. पहिल्या दहा नावांनंतर पुण्यातले मेगर दुकानांतून संपतील, याची मी खात्री देतो. रिपोर्टाची प्रत घरमालकाला सक्तीनं द्या. आजची गंमत अशी आहे की ज्याच्या भिंतीबद्दल तो कागद आहे, त्यालाच तो कधी दिसत नाही. बिल्डर, ठेकेदार, लायझनिंगचा माणूस आणि फाइल, एवढाच त्याचा प्रवास.

तोवर मी काय करतोय ते सांगतो. जुन्या नियमांपासून पुरवठादारानं प्रत्येक जोडणीच्या चाचणीची नोंद ठेवायची आहे. आमची वीजकंपनी महावितरण ही सरकारी कंपनी आहे, त्यामुळे २००५ चा माहिती अधिकार तिला लागू. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, आपला ग्राहक क्रमांक, आणि मागणी एकच : माझ्या जोडणीच्या वेळी स्वीकारलेला टेस्ट रिपोर्ट, मेगरच्या कॅलिब्रेशनच्या नोंदीसह. आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घराचा अर्ज मी लिहून देणार आहे, आरसीसीबीला वळसा घातलेल्या काकूंचासुद्धा. साधी मुदत ३० दिवसांची असते. पण त्याच कायद्याच्या सातव्या कलमात असंही आहे की माहितीचा संबंध माणसाच्या जीविताशी असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. मी ४८ तासांतच मागणार. माहिती अधिकारी हसतील, अर्ज नेहमीच्या ढिगात टाकतील, यात जीविताचा प्रश्न कुठे आला म्हणून लेखी विचारतील. विचारू देत. मग पहिलं अपील, आणि अपिलात गीझरचं सगळं गणित : वीस ओम, साडेअकरा अँपिअर, न पडणारी एमसीबी. अपिलाला वीस रुपयांचा स्टँप लागतो, तो आणून ठेवलाय.